झडपेची साक्ष : बोरघाटापासून डिजिटल कॅमेऱ्यापर्यंत

छायाचित्र म्हणजे प्रकाशानें काढलेलें चित्र, अशी त्याची व्याख्या आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. ती खोटी नाहीं, पण अर्धीच आहे. प्रकाश दिवसभर सर्व वस्तूंवर पडतच असतो. पांढऱ्या भिंतीवर पडतो, तळ्याच्या पाण्यावर पडतो, माणसाच्या मुखावर पडतो. त्यानें चित्र होत नाहीं. चित्र होण्यास प्रकाश आंत घेणें जितकें अवश्य, तितकेंच तो वेळेवर बंद करणेंहि अवश्य असतें. हें दुसरें काम कॅमेऱ्यांतील झडप करते. तिलाच व्यवहारांत शटर म्हणतात. भिंगाची कीर्ति सर्वत्र झाली. झडपेचा इतिहास मात्र फारसा कोणी सांगत नाहीं. तो सांगण्याचा आमचा विचार आहे, आणि त्यासाठीं आम्ही रायगड जिल्ह्याच्या आंतल्या अंगाचे कर्जत व खालापूर हे दोन तालुके डोळ्यांपुढें ठेवले आहेत.

या निवडीस कारण आहे. बोरघाटाच्या पायथ्याच्या या प्रदेशांत लोहमार्ग बांधतांना जीं छायाचित्रें घेतलीं गेलीं, तीं ज्या काळांत घेतलीं त्या काळांत कॅमेऱ्यास झडप नव्हती. आज त्याच लोहमार्गावरून नेरळ-कर्जतकडे जाणारा प्रत्येक प्रवासी खिशांत जो कॅमेरा बाळगतो, त्यांतूनहि झडप नाहींशी झाली आहे. पहिल्या वेळीं ती नव्हती, कारण तिची गरज उत्पन्न झाली नव्हती; दुसऱ्या वेळीं ती नाहीं, कारण तिचें काम दुसऱ्या कोणी तरी पत्करलें आहे. या दोन अभावांच्या मधल्या सुमारें दीडशें वर्षांत झडप जन्मली, वाढली आणि गेली. ती नसली म्हणजे चित्रांतून काय हरवतें, हा प्रश्न केवळ यंत्रशास्त्राचा नाहीं. छायाचित्रास आपण साक्षीदार मानतों; आणि साक्षीदारानें किती वेळ डोळे उघडे ठेवले होते, हें विचारल्यावांचून त्याच्या साक्षीची किंमत ठरत नाहीं.

१

मुंबई-ठाणें गाडी १८५३ सालीं सुरू झाली हें शाळेंतील मुलांसहि ठाऊक असतें. १८५६ मध्यें लोहमार्ग खोपोलीपर्यंत आला; पुढें सह्याद्रीची भिंत उभी होती, आणि प्रवाशांस घाट चढून खंडाळा गांठावा लागे. घाटांतील लोहमार्गाचें काम १८५६ च्या आरंभीं विल्यम फॅव्हिएल या कंत्राटदाराकडे गेलें. १८५९ च्या जानेवारींत मजुरी वेळेवर न मिळाल्यामुळें मजुरांनीं दंगा केला, आणि त्याच वर्षीं मार्चमध्यें फॅव्हिएलनें कंत्राट सोडलें. मागाहून सॉलोमन ट्रेडवेल हा दुसरा कंत्राटदार विलायतेहून आला. पण येथें पाऊल ठेवल्यावर थोड्याच दिवसांत तो मरण पावला. त्याची विधवा ॲलिस ट्रेडवेल हिनें मात्र कंत्राट टाकलें नाहीं. प्रत्यक्ष काम दोन इंजिनियरांच्या हातीं देऊन तिनें तें तडीस नेलें, आणि २१ एप्रिल १८६३ रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनीं घाटमार्ग खुला केला. सुमारें १५ मैलांत १,८३१ फूट चढ, २५ बोगदे, आणि कामाच्या ऐन भरांत ४२,००० मजूर, हे या कामाचे आंकडे आजहि छाती दडपून टाकतात. पटकीच्या सांथींनीं त्या मजुरांपैकीं किती गेले याचा हिशेब तर डोंगरालाच ठाऊक.

या ट्रेडवेलबाईंच्या नांवानें बोरघाटाच्या कामाचीं छायाचित्रें जतन झालीं आहेत. कंत्राटाचा डोलारा सांभाळणाऱ्या स्त्रीनें कॅमेराहि हाताळावा, ही गोष्ट त्या काळीं असामान्यच होती. तथापि छायाचित्रणाची विद्या मुंबईस तेव्हां अगदींच अपरिचित नव्हती. १८५४ सालीं मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभींच्या हिंदी सभासदांपैकीं एक होत. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें या विद्येचा वर्ग निघाला आणि त्यांतून हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे धंदेवाईक छायाचित्रकार पुढें आले.

त्या काळीं चित्र कसें घेत, हें थोडें सांगितलें पाहिजे. १८५१ सालीं फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज गृहस्थानें ओल्या काचेची रीत काढली. काचेवर कलोडियनचा पातळ थर द्यावयाचा, तो चांदीच्या क्षारांत बुडवावयाचा, आणि ओला आहे तोंच कॅमेऱ्यांत घालून चित्र घ्यावयाचें. या थराची प्रकाश पिण्याची शक्ति इतकी मंद असे कीं चांगल्या उन्हांतहि त्याला कांहीं सेकंद लागत. अशा स्थितींत झडप हवी कशाला? भिंगावर पितळेचें किंवा चामड्याचें टोपण असे. छायाचित्रकार तें हातानें काढी, मनांत आंकडे मोजी, आणि पुन्हां बसवी. त्या वेळीं त्याचा हात हीच झडप, आणि त्याचें मोजणें हेंच तिचें घड्याळ.

आतां या मंदपणाचा परिणाम पाहा. पांच सेकंद टोपण उघडें आहे असें समजूं. डोंगराचा कडा पांचहि सेकंद आपल्या जागीं असतो. तो काचेवर स्पष्ट उमटतो. डोक्यावर पाटी घेऊन चाललेला मजूर कोणत्याहि एका जागीं अर्धा सेकंदसुद्धां नसतो; त्या जागेवरचा बाकीचा सर्व वेळ मागच्या खडकानें भरून काढलेला असतो. म्हणून खडक उमटतो, मजूर उमटत नाहीं; फार तर धुरासारखी एक रेघ राहते. त्या काळच्या कोणत्याहि बांधकामाच्या चित्रांत जीं माणसें स्पष्ट दिसतात, तीं काम थांबवून स्तब्ध उभीं राहिलेलीं किंवा उभीं केलेलीं असतात. जो खरोखर काम करीत होता, तो काम करीत होता एवढ्याच अपराधासाठीं चित्रांतून वगळला गेला. कमानी राहिल्या, भराव राहिले, बोगद्यांचीं काळीं तोंडें राहिलीं. तीं ज्यांनीं कोरलीं ते हालत होते म्हणून राहिले नाहींत. यांत छायाचित्र घेणाराचा दोष नव्हता. त्या विद्येचीच ती मर्यादा होती. पण जुन्या चित्रांवरून इतिहास लिहूं इच्छिणारानें ही मर्यादा विसरून चालणार नाहीं. रिकामा दिसणारा घाट रिकामा नव्हता.

२

झडपेची खरी गरज उत्पन्न झाली ती काच जलद झाल्यावर. १८७१ सालीं रिचर्ड मॅडॉक्स या डॉक्टरानें जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली, आणि पुढच्या दहा वर्षांत अशा काचा बाजारांत मिळूं लागल्या. त्यांना सेकंदाचा पंचविसावा, पन्नासावा भाग पुरे होई. इतक्या अल्प वेळांत टोपण काढून पुन्हां घालणें मनुष्याच्या हातून होण्यासारखें नव्हतें. हात पुरा पडेना, तेव्हां स्प्रिंग आली. १८७८ सालीं एडवर्ड मायब्रिज यानें कॅलिफोर्नियांत ओळीनें कॅमेरे मांडून, धांवत्या घोड्याच्या मार्गांत आडव्या ताणलेल्या दोऱ्यांनीं त्यांच्या झडपा सोडविल्या, आणि धांवतांना घोड्याचे चारहि पाय एका क्षणीं जमिनीपासून सुटतात हें सिद्ध केलें. डोळ्यांस जें हजारों वर्षें दिसलें नव्हतें, तें झडपेनें दाखविलें.

पुढें झडपेच्या दोन मुख्य जाति झाल्या. एक पाकळ्यांची: भिंगाच्या पोटांत धातूच्या पातळ पाकळ्या बसविलेल्या असतात, त्या मधून बाहेरच्या बाजूस उघडतात आणि पुन्हां मिटतात. दुसरी पडद्यांची: काचेच्या किंवा फिल्मच्या अगदीं पुढें कापडाचे अथवा धातूचे दोन पडदे असतात, पहिला सरकत उघडतो, त्याच्या मागोमाग दुसरा सरकत मिटतो. वेग फार हवा असेल तर दुसरा पडदा पहिल्याच्या इतक्या निकट धांवतो कीं दोहोंमध्यें केवळ एक फट उरते, आणि ती फट चित्रावरून झाडूसारखी फिरते. प्रत्येक जागेस सेकंदाचा हजारावा भागच प्रकाश मिळतो. पण सगळें चित्र पुरें होण्यास त्याच्या कितीतरी पट वेळ लागलेला असतो. झाक लार्तिग या फ्रेंच तरुणानें एका मोटारशर्यतींत घेतलेलें एक चित्र यामुळें जगप्रसिद्ध झालें. त्यांत गाडीचें चाक गोल न दिसतां लंबवर्तुळाकार होऊन पुढें झुकलें आहे, आणि कडेचे प्रेक्षक उलट दिशेस कलले आहेत. फट चित्राच्या एका टोंकाकडून दुसऱ्याकडे जाईपर्यंत गाडी पुढें गेली होती, एवढाच त्याचा अर्थ. वाचकांनीं हें चाक लक्षांत ठेवावें. पुढें त्याची पुन्हां गांठ पडणार आहे.

चलच्चित्रांत झडपेस आणखी एक काम आलें. ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईंत वॉटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंचे खेळ झाले. ते पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, यांनीं विलायतेहून कॅमेरा मागविला आणि १८९९ सालीं कुस्तीचें चित्रण केलें. चित्रपटाच्या कॅमेऱ्यांत झडप म्हणजे फिरती चकती असते. तिचा एक भाग कापलेला असतो. कापलेला भाग पुढें आला कीं प्रकाश आंत येतो. भरीव भाग पुढें आला कीं अंधार होतो, आणि त्या अंधारांत फिल्म एक घर पुढें सरकते. मूकपटाच्या काळीं सेकंदास साधारण सोळा चित्रें घेत. चकती अर्धी कापलेली असली तर प्रत्येक चित्रास सेकंदाचा बत्तिसावा भाग मिळे. पडद्यावर आपण ज्यास हालचाल म्हणतों, तिचा निम्मा काळ अशा रीतीनें झडपेच्या मागें गडप झालेला असतो, आणि कोणाला त्याचा पत्ताहि लागत नाहीं.

दादासाहेब फाळके यांनीं ही चकती किती सावकाश चालवितां येते हेंहि करून पाहिलें. ‘राजा हरिश्चंद्रा’च्या अगोदर त्यांनीं वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र घेऊन टिपली, आणि कित्येक दिवसांचें काम पडद्यावर क्षणांत दाखविलें. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं मुंबईंत प्रदर्शित झाला. त्याचीं बाहेरचीं दृश्यें वांगणी गांवीं घेतलीं गेलीं. मुंबईहून कर्जतकडे येणाऱ्या प्रवाशास हें नांव नवें नाहीं. त्या चित्रणाची एक हकीगत सांगतात. ढालीतरवारी घेतलेली नटमंडळी पाहून गांवकऱ्यांस ते दरोडेखोर वाटले, आणि फौजदारानें सर्वांस अडकविलें. फाळके मागाहून पोंचले. त्यांनीं कॅमेऱ्यांत फिल्म न घालतांच एक प्रसंग नटांकडून करवून घेतला, कॅमेरा फिरवून दाखविला, आणि मग मंडळींची सुटका झाली. त्या वेळीं झडप खरोखरच फिरली. प्रकाश आंत आला आणि गेला. पण साक्ष नोंदवून घेण्यास मागें कोणी नव्हतें. तरी फौजदाराचें समाधान झालें. कॅमेऱ्याचा आवाज ऐकून खात्री पटणाऱ्यांत आज आपणहि आहों, हें पुढें दिसेल.

झडप आपल्या लोकांस केवळ वापरतां आली असें नव्हे. कोल्हापुरास बाबूराव पेंटर यांनीं, बंधु आनंदराव यांच्या निधनानंतरहि चिकाटी न सोडतां, १९१८ च्या सुमारास चित्रपटाचा कॅमेरा आपल्या हातानें बनविला, आणि १९२० सालीं ‘सैरंध्री’ प्रसिद्ध केला. विलायती यंत्र उघडून पाहावें, त्यांतील चकती, दांते व फिल्मची ओढ यांचा मेळ समजून घ्यावा, आणि घरच्या मिस्त्रीकामानें तसें दुसरें उभें करावें, ही गोष्ट आजच्या कॅमेऱ्याबाबत कोणा कारागिरास करतां येईल काय, याचा विचार करण्यासारखा आहे.

३

येथपर्यंत झडप डोळ्यांस दिसत होती. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल लॅबोरेटरीजमध्यें विलार्ड बॉईल व जॉर्ज स्मिथ यांनीं सीसीडी नांवाची रचना शोधून काढली आणि तिला अदृश्य होण्याचा मार्ग मोकळा केला. या शोधाबद्दल त्यांस २००९ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला.

सीसीडी म्हणजे काय, हें ज्यानें कर्जत-खालापूरच्या उतारावरील भातखाचरें पावसांत पाहिलीं आहेत त्यास समजावयास कठीण नाहीं. एकाखालीं एक खाचरें असतात, मध्यें बांध असतात. सिलिकॉनच्या चकतीवर अशींच लाखों सूक्ष्म खाचरें आंखलेलीं असतात, आणि त्यांत प्रकाशाचा पाऊस पडतो. प्रकाशानें सिलिकॉनमधील इलेक्ट्रॉन सुटे होतात, आणि ते त्या त्या खाचरांत सांठतात. जेथें उजेड जास्त तेथें सांठा जास्त. आतां प्रत्येक खाचरांतील पाणी मोजावयाचें आहे. पण माप एकच आहे, आणि तें सर्वांत खालच्या बांधाशीं ठेवलेलें आहे. म्हणून प्रथम खालच्या खाचराचें पाणी मापांत घ्यावयाचें, मग त्याच्या वरचें त्यांत सोडावयाचें, त्याच्या वरचें त्याच्या जागीं. असें करीत सर्व खाचरांचें पाणी ओळीनें मापापर्यंत आणावयाचें. विजेच्या दाबानें बांध उघडावयाचे व मिटावयाचे, एवढाच या यंत्राचा मंत्र.

अडचण कोठें आहे हें चाणाक्ष वाचकाच्या ध्यानांत आलेंच असेल. पाणी खालीं उतरत असतांना पाऊस थांबला नाहीं, तर वाटेंतील प्रत्येक खाचरांत त्यांत नवी भर पडेल, आणि शेवटीं मापांत येणारें पाणी कोणत्या खाचराचें हें सांगतां येणार नाहीं. सबब मोजणी चालू असतां आकाश झांकलें पाहिजे. म्हणजे या नव्या विद्येलाहि प्रथम जुनी झडप हवीच होती, आणि ती पूर्वीपेक्षां अधिक वेळ मिटून ठेवणें भाग होतें. ईस्टमन कोडॅक कंपनींतील स्टीव्हन सॅसन यानें १९७५ सालीं जो पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला, त्यांत शंभर गुणिले शंभर, म्हणजे अवघे दहा हजार बिंदु होते. चित्र सेकंदाच्या विसाव्या भागांत घेतलें जाई; पण तें फितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत. १९९१ सालीं कोडॅकनें वृत्तपत्रकारांसाठीं जो डीसीएस कॅमेरा विक्रीस आणला, त्याचें शरीर निकॉनच्या फिल्मच्या कॅमेऱ्याचेंच होतें. फिल्म गेली, तिच्या जागीं सिलिकॉन आला. पुढचे सरकते पडदे होते तसेच राहिले.

मग दुसरी युक्ति निघाली. खाचरांच्या प्रत्येक ओळीशेजारीं पत्र्यानें झांकलेला एक पाट काढावयाचा. मोजणी या झांकलेल्या पाटांतून करावयाची, म्हणजे वरून पाऊस पडत राहिला तरी बिघडत नाहीं. शिवाय प्रत्येक खाचराच्या तळाशीं एक मोरी ठेवावयाची. बटण दाबलें कीं विजेचा एक ठोका बसतो, सर्व मोऱ्या एकदम उघडतात, आणि तोंवर सांठलेलें सर्व पाणी तळांत वाहून जातें. मोऱ्या मिटल्या कीं खाचरें कोरडीं. तेथून नवा सांठा सुरू होतो. हेंच झडपेचें उघडणें. ठरलेला काळ संपला कीं दुसरा ठोका बसतो, आणि सर्व खाचरांतील पाणी एकाच क्षणीं शेजारच्या झांकल्या पाटांत उतरतें. हेंच झडपेचें मिटणें. कोठें पाकळी नाहीं, पडदा नाहीं, स्प्रिंग नाहीं. ज्या कामासाठीं घड्याळजीच्या तोडीचे कारागीर खपत होते, तें विजेच्या दोन ठोक्यांवर आलें. शिवाय सर्व खाचरें एकदम रिकामीं होतात व एकदम झांकलीं जातात, म्हणून अशा कॅमेऱ्यांत लार्तिगचें चाक गोलच राहतें.

तथापि या युक्तीस किंमत द्यावी लागली. पाटाला जागा गेली तितकी प्रकाश घेण्याची जागा कमी झाली. पत्र्याखालूनहि थोडा उजेड झिरपे. म्हणून चित्रांत सूर्य किंवा प्रखर दिवा आला कीं त्याच्या वरखालीं उभी पांढरी रेघ ओढली जाई. आणि तिसरी अडचण सर्वांत मोठी. घरगुती कॅमेऱ्यांतील पुष्कळशा सीसीडी मुळांत व्हिडिओसाठीं आंखलेल्या होत्या. त्यांत पाट सर्व खाचरांस एकदम पुरत नसे. प्रथम विषम ओळी उतरवावयाच्या, त्या मोजून झाल्या कीं सम ओळी. सम ओळी आपली पाळी येईपर्यंत उघड्या पावसांत भिजत राहात. संपूर्ण चित्र नीट हवें तर मध्यंतरीं आकाश झांकणें पुन्हां आलेंच.

म्हणून १९९५ ते २००५ च्या सुमारास मध्यमवर्गीय घरांत जे छोटे डिजिटल कॅमेरे आले, त्यांतील पुष्कळांत एक विलक्षण भागीदारी आढळते. फिल्मच्या कॅमेऱ्यांत झडप एरवी मिटलेली असते व चित्रापुरती उघडते. यांत उलट प्रकार. मागच्या पडद्यावर दृश्य सतत दिसावयास हवें, म्हणून झडप एरवी उघडीच. बटण दाबतांच विजेच्या ठोक्यानें मोऱ्या उघडून सर्व सांठा काढून टाकला जातो, आरंभ विजेचा. काळ संपला कीं धातूची पाकळी खट्दिशीं मिटते, शेवट यंत्राचा. मग अंधारांत सावकाश मोजणी होते, आणि ती संपल्यावर पाकळी पुन्हां उघडते. ज्यांच्या कपाटांत असा जुना कॅमेरा पडला असेल त्यांनीं तो चालू करून भिंगांत डोकावावें आणि बटण दाबावें. इवल्याशा काळ्या पाकळीची ती उघडझांप कित्येकदां स्पष्ट दिसते. १९९९ च्या निकॉन डी-१ या मोठ्या कॅमेऱ्यांतहि पडदे आणि वीज यांची अशीच भागीदारी होती, आणि तिच्या जोरावर सेकंदाच्या सोळा हजाराव्या भागापर्यंत त्याची मजल गेली. इतका वेग एकट्या पडद्यांच्या आटोक्यांतला नव्हता.

आपल्या देशांतील पहिल्या डिजिटल कॅमेऱ्यांचा विचार करतांना आकाशाकडेहि पाहावें लागतें. १७ मार्च १९८८ रोजीं आयआरएस-१ए हा उपग्रह सोडण्यांत आला. त्यावरील लिस नांवाचे कॅमेरे अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्रांत तयार झाले होते. त्यांत खाचरांची एकच आडवी ओळ होती, दोन हजार अठ्ठेचाळीस बिंदूंची. उपग्रह पुढें सरकत जाई आणि त्या ओळीखालून पृथ्वीच आपली एकेक पट्टी सरकवी. पहिल्या लिस कॅमेऱ्यास जमिनीवरची ७२.५ मीटरांची पट्टी ओलांडावयास सेकंदाचे सुमारें अकरा सहस्रांश लागत. तेवढाच त्याचा उघडा काळ. या कॅमेऱ्यांत झडपेचें काम प्रत्यक्ष उपग्रहाच्या गतीनेंच होत असे.

४

शेवटचा पालट सीमॉस या रचनेनें घडविला. १९९० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरींत एरिक फॉसम यांच्या गटानें तिला कॅमेऱ्याच्या कामाजोगें रूप दिलें. हिच्यांत पाणी खालपर्यंत उतरविण्याचा खटाटोप नाहीं. प्रत्येक खाचराशीं त्याचें स्वतःचें लहानसें माप बसविलेलें असतें. ही रचना स्वस्त पडते, वीज कमी खाते, आणि तिच्यामुळेंच कॅमेरा मोबाइलमध्यें मावला. पण मापें वाचावयाचीं तीं एकेका ओळीचींच. वरची ओळ प्रथम रिकामी होते व प्रथम वाचली जाते, मग तिच्या खालची, मग तिच्या खालची. म्हणजे शंभर वर्षांपूर्वींची ती सरकती फट पुन्हां अवतरली. मात्र आतां ती कापडाची नव्हे, विजेची.

नेरळ ते कर्जत या टप्प्यांत धांवत्या गाडीच्या खिडकींतून मोबाइल आडवा धरून जवळच्या विजेच्या खांबांचें चित्र घ्यावें. खांब उभे नसून तिरके दिसतील. वरची ओळ वाचली तेव्हां खांब एका जागीं होता. खालची वाचेपर्यंत तो मागें सरकला. मोबाइल उभा धरला तर तेच खांब जाड किंवा बारीक होतील, कारण आतां ओळी आडव्या नसून उभ्या झाल्या. उजेड भरपूर असला, आणि प्रत्येक ओळीस सेकंदाचा हजारावा भागच मिळाला, तरी हा दोष जात नाहीं. चित्र रेखीव येतें, पण रेखीवपणें खोटें येतें. लार्तिगचें चाक तें हेंच. सर्व बिंदु एकदम घेणाऱ्या सीमॉस रचना आतां निघाल्या आहेत, आणि २०२३ च्या नोव्हेंबरांत सोनी कंपनीनें तशा प्रकारचा मोठा कॅमेराहि जाहीर केला. तथापि सामान्य मोबाइलमध्यें ओळींचाच कारभार चालू आहे.

आतां आमच्या मूळ प्रश्नाकडे वळूं. बोरघाटाच्या काळच्या चित्रांत अनेक क्षण एकावर एक रचलेले असत, आणि जो हालला तो पुसला जाई. आजच्या चित्रांत अनेक क्षण एकाखालीं एक जोडलेले असतात, आणि जो हालला तो वांकतो. दोन्हीं ठिकाणीं चित्र “एका क्षणाचें” नसतें. फरक इतकाच कीं जुन्या चित्रांतील धुरकट रेघ आपली उणीव आपण होऊन कबूल करी. नवें चित्र इतकें स्वच्छ असतें कीं त्यावर संशय घेण्याचें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. पंख्याचीं पातीं वांकलेलीं दिसलीं तर आपण हंसून सोडून देतों. पण रस्त्यावरील अपघाताचें चित्र न्यायालयांत जातें, गाडीचा आकार व अंतर त्यावरून मोजलें जातें, तेव्हां साक्षीदार कसा पाहतो हें जाणणारा कोणी तरी तेथें असणें अवश्य आहे.

झडपेचें आणखी एक काम होतें, तें तिच्या शोधकांनींहि योजिलें नव्हतें. ती वाजे. त्या आवाजानें समोरच्या माणसास कळे कीं आपलें चित्र घेतलें गेलें. मोबाइलमधून झडप गेली तेव्हां तिचा आवाज मात्र मुद्दाम भरून ठेवण्यांत आला. जपानांत तर हा आवाज बंद करतां येऊं नये असा तेथील उत्पादकांनीं संकेत पाळला; कारण न कळत चित्रें घेण्याचे प्रकार तेथें लवकरच लक्षांत आले होते. वांगणीच्या हकीगतींत झडप होती पण फिल्म नव्हती. येथें चित्र असतें पण झडप नसते. दोन्हीं वेळां विश्वास बसतो तो आवाजावर.

आपल्याकडे असा संकेत नाहीं. पावसाळ्यांत मुंबईपुण्याची मंडळी कर्जत-खालापूरच्या धबधब्यांवर लोटतात, आणि वाटेंतील कातकऱ्यांच्या व ठाकरांच्या वाड्यांतून, लावणीच्या खाचरांतून, बिनआवाजाचीं असंख्य चित्रें घेऊन परत जातात. १८६० च्या सुमारास या डोंगरांत राबणारा मजूर चित्रांत यावयास हवा होता, पण विद्येच्या मंदपणामुळें आला नाहीं. आज त्याच डोंगरांत राबणारी बाई चित्रांत येते, पण तिला तें कोणी सांगत नाहीं. झडप असतांना तिच्या एका खट्‌ आवाजांत कां होईना, विचारल्यासारखें कांहीं तरी होतें. तें यंत्रानें करावयाचें काम यंत्रानें आतां टाकून दिलें आहे. तेव्हां तें चित्र घेणारानें स्वतः तोंडानें केलें पाहिजे, आणि त्याला एका वाक्याहून अधिक वेळ लागत नाहीं.